उरलेली झाडं मोजणारा माणूस

फर्निचरच्या दुकानात गेलं की दुकानदार हमखास एक शब्द ऐकवतो, बर्मा टीक. हा शब्द उच्चारला की किंमत आपोआप दुप्पट होते! जुन्या वाड्यांची दारं, बोटींची डेक, सरकारी कचेऱ्यांतली अवजड टेबलं, या सगळ्यांत ब्रह्मदेशचं सागवान होतं. तोड मात्र आजची नाही, निदान दोनशे वर्षांपासूनची आहे. मग हे जंगल १८७० सालीच संपून का गेलं नाही? दीडशे वर्षांनंतरही दुकानदाराला तो शब्द वापरायला का मिळतो? या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव समोर येतं. ते म्हणजे डीट्रिख ब्रँडिस. उष्ण कटिबंधातल्या वनशास्त्राचे जनक म्हणून जगभर त्यांचं नाव घेतात. भारताच्या वन खात्याचे ते पहिले प्रमुख. पण आपल्याकडे वन विभागातली मंडळी सोडली तर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं.

तोडलेलं जंगल पुन्हा उभं राहतं का, किती वर्षांत राहतं, आणि ते उभं राहायला हवं असेल तर मुळात किती तोडावं? आज उपग्रह आणि लेसर वापरून शास्त्रज्ञ हेच प्रश्न सोडवत आहेत. ब्रँडिस यांनी ते १८५६ मध्ये एक चाकू आणि चार काड्या घेऊन सोडवायला सुरुवात केली. त्या माणसाची ही गोष्ट.

बॉन ते रंगून

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतल्या बॉन शहरात झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसच्या राजाचे सल्लागार म्हणून ते काही वर्षं अथेन्सला होते, त्यामुळे डीट्रिखच्या लहानपणाचा काही काळ तिकडे गेला. पुढे कोपनहेगन, ग्यॉटिंगेन आणि बॉन इथे शिक्षण झालं, वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळाली आणि १८४९ पासून ते बॉनच्याच विद्यापीठात शिकवू लागले. म्हणजे आयुष्य अगदी सरळ चाललं होतं. लेक्चर घ्यायची, झाडांचे नमुने दाबून वाळवायचे, आणि यथावकाश प्रोफेसर व्हायचं.

हे सगळं बदललं एका लग्नाने. १८५४ मध्ये त्यांनी रेचल मार्शमन यांच्याशी लग्न केलं. रेचल या बंगालमधल्या सिरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. त्यांचे पहिले पती फॉइट हे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि ते पूर्वीच वारले होते. रेचल यांची बहीण हॅना ही हेन्री हॅवलॉकची पत्नी. १८५७ मध्ये कानपूरला नानासाहेबांच्या फौजेशी लढलेला तोच हा हॅवलॉक! या नात्यागोत्यातून ब्रँडिस यांचं नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीच्या कानावर गेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर रेफरन्समधून नोकरी लागली. पण रेफरन्सने नोकरी लागली तरी काम स्वतःलाच करावं लागतं, हे पुढे दिसतंच.

डलहौसीला तेव्हा अशा माणसाची गरज होती. १८५२ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेशचा पेगू प्रांत ताब्यात घेतला होता. ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला लोकमान्यांचं मंडाले आठवतं. पेगू त्याच्या बऱ्याच दक्षिणेला, रंगूनच्या वरच्या बाजूला आहे. इथल्या डोंगररांगेला पेगू योमा म्हणतात (आता बागो योमा). या डोंगरांत जगातलं उत्तम सागवान होतं. त्याच्याही दक्षिणेचा तेनासरीम भाग इंग्रजांकडे १८२६ मध्येच आला होता. तिथे मौलमीनच्या लाकूड व्यापाऱ्यांना मोकळं रान दिलं गेलं आणि पंचवीस-तीस वर्षांत हाताशी येण्याजोगा साग जवळपास साफ झाला. आरमाराला जहाजांसाठी साग हवा होता. त्यातच १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि लाकडाची एक नवीनच भूक निर्माण झाली. रेल्वेच्या प्रत्येक मैलाला शेकडो स्लीपर लागत, ते काही वर्षांत कुजत आणि पुन्हा नवे टाकावे लागत. १९०० पर्यंत भारतात सुमारे ४०,००० किलोमीटर लोहमार्ग झाला. यावरून भुकेचा अंदाज यावा.

तेनासरीमची गत पेगूची होऊ नये म्हणून जानेवारी १८५६ मध्ये ब्रँडिस यांना पेगूच्या सागवनांचे अधीक्षक नेमण्यात आलं. वय वर्षं एकतीस. भाषा येत नाही, मुलूख नवा, मलेरिया घरोघरी. आणि काम काय, तर हजारो चौरस मैलांच्या जंगलात साग नेमका किती आहे ते सांगा!

हत्ती, चाकू आणि चार काड्या

आपण सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला साखळी आणि लेव्हल घेऊन ग्राउंडवर जातो, तरी तासाभरात कंटाळा येतो. इथे तर बांबूच्या दाट जाळीत माणूस चालूही शकत नव्हता. ब्रँडिस यांनी हत्तीवरून मोजणी करायचं ठरवलं. ही पद्धत त्यांचे शिष्य कार्ल शेंक यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितली आहे, ती अशी.

हत्ती डोंगराच्या सोंडेवरून चालायचा. ब्रँडिस यांच्या डाव्या हातात चार काड्या असायच्या, उजव्या हातात खिशातला चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोनशे फुटांच्या आत सागाचं झाड दिसलं की त्याच्या जाडीप्रमाणे एक, दोन, तीन किंवा चार नंबरच्या काडीवर एक खाच पाडायची. वही का नाही? कारण हलत्या हत्तीवर दोन्ही हात गुंतलेले असताना वही सांभाळणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की खाचा मोजून आकडे कागदावर उतरवायचे.

आता इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी जरा हिशेब करून बघा. पट्ट्याची रुंदी ४०० फूट. समजा दिवसभरात वीस मैल चाल झाली. ४०० गुणिले २० गुणिले ५,२८० म्हणजे ४,२२,४०,००० चौरस फूट. एकराला ४३,५६० चौरस फूट धरले तर सुमारे ९७० एकर होतात. एका माणसाने, एका हत्तीवरून, एका दिवसात! या पट्ट्यांवरून मग सगळ्या जंगलाचा अंदाज बांधायचा. आज आपण याला सॅम्पलिंग म्हणतो आणि त्यावर एक अख्खं युनिट शिकतो. तेव्हा या विषयाचं पुस्तक नव्हतं.

हे काम त्यांनी महिनोन्‌महिने केलं. तापाने हैराण झाले. शेंक यांनी लिहिलं आहे की त्या काळात त्यांच्या कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि पुढे आयुष्यभर त्यांच्या कपाळावर एक छोटं छिद्र राहिलं, त्यात ते कापसाचा बोळा घालत. म्हातारपणी बॉनला भेटायला येणाऱ्या तरुण पोरांना आधी तो बोळा दिसायचा आणि मग ब्रँडिस!

तोडायचं किती?

चार काड्या का, हा यातला खरा मुद्दा आहे. नुसती झाडं मोजायची असती तर एक काडी पुरली असती.

पहिल्या वर्गात सहा फूट किंवा त्याहून जास्त घेराची, म्हणजे तोडायला तयार झाडं. दुसऱ्या वर्गात त्याच्या खालची, तिसऱ्यात त्याहून लहान, चौथ्यात पोरसवदा. व्यापाऱ्याला फक्त पहिली काडी दिसते. ब्रँडिस यांची नजर दुसऱ्या काडीवर होती. कारण आज पहिल्या वर्गातलं एक झाड तोडलं तर त्याची जागा भरून काढणार आहे ते दुसऱ्या वर्गातलं झाड. ते पहिल्या वर्गात यायला जितकी वर्षं लागतील, तितक्या वर्षांत पहिला वर्ग हळूहळू वाटून तोडायचा. उदाहरणार्थ, जंगलात पहिल्या वर्गाची २४,००० झाडं आहेत आणि दुसऱ्या वर्गाला वर चढायला २४ वर्षं लागतात असं धरलं, तर वर्षाला १,००० झाडं. त्याच्यावर एकही नाही. दुसऱ्या वर्गात झाडं कमी असतील तर हा आकडा आणखी खाली आणायचा.

ऐकायला सोपं वाटतं. महिन्याच्या मनीऑर्डरीला तीसने भागून रोजचा खर्च काढणाऱ्या हॉस्टेलवासीयाला हे वेगळं सांगायला नको. पण एका जंगलाला दरवर्षीचा आकडा बांधून देणं आणि तो आकडा सरकारी कागदावर आणून व्यापाऱ्यांना पाळायला लावणं, हे उष्ण कटिबंधात जवळजवळ नवीनच होतं. रंगून-मौलमीनच्या व्यापाऱ्यांनी ओरड केली, कलकत्त्यापर्यंत अर्ज गेले. जंगल खाजगी ठेकेदारांना मोकळं करा असा दबाव आला आणि काही भागांत सरकार त्यापुढे झुकलंही. तरी हिशेबाचं तत्त्व मात्र टिकलं. ही पद्धत पुढे ब्रँडिस पद्धत म्हणून ओळखली गेली आणि तिच्यातूनच ब्रह्मदेशची ३० वर्षांच्या फेऱ्याची निवडक तोडपद्धत तयार झाली.

तोडीची रीतही धीराची होती. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल कडं कोरायचं आणि झाड उभंच वाळू द्यायचं. जवळपास तीन वर्षांनी ते पाडायचं, हत्तींनी ओढ्यापर्यंत ओढायचं, आणि पावसाळ्यात पूर आला की ओंडका नदीने रंगूनकडे निघायचा. रस्ते नाहीत, ट्रक नाहीत, त्यामुळे आजूबाजूची लहान झाडं बरीचशी वाचायची.

डोंगरातल्या लोकांची शेती

पेगूच्या डोंगरांत करेन लोक राहत. ते जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्यात भात-कापूस पेरत आणि दोन वर्षांनी पुढे सरकत. आपल्या कोकणात याला कुमरी म्हणत. ब्रह्मी भाषेत टाउंग्या. सुरुवातीला सरकारने याकडे गुन्हा म्हणूनच पाहिलं. सागाचं नुकसान केलं म्हणून करेन शेतकऱ्यांवर खटले भरले गेले.

नंतर त्यातून एक तोडगा निघाला. शेतकऱ्याने आपल्या टाउंग्यात भाताबरोबर सागाचं बीही ओळीत लावायचं, जगलेल्या रोपांमागे त्याला पैसे मिळायचे. शेतकरी पुढे गेला की मागे सागाचं तरुण रान उभं! ही टाउंग्या पद्धत पुढे आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेली. आज ज्याला आपण कृषी-वनीकरण म्हणतो त्याच्या इतिहासात तिचं नाव पहिल्या पानावर असतं. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. साग लावून झाला की ती जमीन शेतकऱ्याची राहत नसे. ती सरकारी राखीव वनात जायची. म्हणजे माणूस आपल्याच हाताने स्वतःच्या जमिनीला कुंपण घालत होता.

अख्ख्या हिंदुस्थानचं वन खातं

१८६२ मध्ये ब्रँडिस यांना ब्रह्मदेशातून बोलावून घेतलं गेलं आणि १८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ पासूनच वनरक्षक होते, त्यामुळे पाटी अगदी कोरी नव्हती. पण सगळ्या देशासाठी एक खातं, त्याचे नियम, नकाशे, हिशेब आणि प्रशिक्षित माणसं, हे सगळं उभारायचं होतं. १८६६ मध्ये त्यांनी श्लिख आणि रिबेनट्रॉप या दोन जर्मन वनशास्त्रज्ञांना आणलं. पुढे हे दोघेही त्यांच्या पाठोपाठ महानिरीक्षक झाले. १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा सुरू झाली, तिथेच १९०६ मध्ये वन संशोधन संस्था आली. उत्तर-पश्चिम आणि मध्य भारतातल्या वृक्षांवरचा त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये आला आणि १८७५ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली. पाऊस आणि जंगल यांचा नकाशा एकत्र मांडून कुठल्या पट्ट्यात कुठलं जंगल येतं, हे दाखवण्याचं कामही त्यांनी केलं.

याच काळात त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वाद झाला. जंगल कुणाचं? बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की सगळं सरकारचं, लोकांना मिळते ती फक्त सवलत. ब्रँडिस मधल्या मताचे होते. महत्त्वाची वनं सरकारने राखावीत, पण गावाला गावाचं जंगल असावं, त्याची देखभाल गावानेच करावी, कारण लोकांचा विरोध पत्करून जंगल टिकत नाही. आपल्याकडच्या देवरायांसारख्या राखलेल्या वनांबद्दल त्यांना आदर होता आणि भारतातल्या पवित्र वनांवर त्यांनी लिहिलंही.

वादात ब्रँडिस हरले असंच म्हणावं लागेल. १८७८ चा कायदा बेडन-पॉवेलच्या बाजूला झुकलेला होता. गाव-वनांचं कलम त्यात राहिलं, पण बहुतेक ठिकाणी कागदावरच. याचा फटका आपल्या मुलखालाही बसला. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या खात्याने डोंगर-कुरणं गिळल्याबद्दल कडाडून टीका केली आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली तेव्हा शेतकऱ्यांचा असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्यातला शेतकरी खात्याला शिव्या देत होता, आणि ते खातं उभं करणाऱ्या माणसाचं स्वतःचं मत बऱ्याच अंशी त्या शेतकऱ्याच्या बाजूचं होतं!

जिथे हिशेब चुकला

थोर माणसांच्या चरित्रात चुकांचा परिच्छेद सहसा नसतो, पण इथे तो घातलाच पाहिजे, कारण शास्त्र त्यातूनच पुढे गेलं. जंगलातली आग हा शत्रू, ती बंद केली की जंगल वाढेल, असं ब्रँडिस आणि त्यांचे सहकारी मानत. कोरड्या भागांत त्याचा उपयोग झाला. पण ब्रह्मदेशच्या ओलसर सागवनांत १८९० च्या दशकात तिथल्या अधिकाऱ्यांना उलटंच दिसू लागलं. आग थांबवलेल्या भागात बांबू आणि सदाहरित झुडपं माजली आणि सागाची रोपं सावलीत गुदमरली. सागाला ऊन लागतं. अधूनमधून पालापाचोळा जळून गेला की त्याच्या बियांना जागा मिळते. म्हणजे करेन शेतकरी जे पिढ्यान्‌पिढ्या करत होता, त्यात सागाचा फायदाही होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा वनांतलं आगबंदीचं धोरण सोडून द्यावं लागलं.

जंगल सावरणं म्हणजे त्याला कुलूप लावणं नव्हे. कुठल्या जंगलाला काय लागतं हे त्या त्या जंगलात जाऊनच कळतं.

निवृत्तीनंतरची इनिंग

१८८३ मध्ये ब्रँडिस निवृत्त झाले. रेचल यांचं पूर्वीच निधन झालं होतं आणि १८६७ मध्ये त्यांनी कॅथरिना हासे यांच्याशी दुसरा विवाह केला होता. हे कुटुंब बॉनला परतलं. पण स्वस्थ बसणं स्वभावात नव्हतं. इंग्लंडमध्ये कूपर्स हिल इथे भारतासाठी इंजिनिअर तयार करणारं रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज होतं. १८८५ मध्ये तिथे वनशास्त्राची शाखा निघाली. म्हणजे एकेकाळी भारतातले वन अधिकारी चक्क एका इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडत होते! त्या विद्यार्थ्यांना युरोपातली वनं दाखवत फिरवायचं काम साठी ओलांडलेल्या ब्रँडिस यांनी कितीतरी वर्षं केलं.

१८८९ मध्ये गिफर्ड पिंशो नावाचा अमेरिकन तरुण त्यांना भेटायला आला. ब्रँडिस यांनी त्याला फ्रान्समधल्या नॅन्सीच्या वनशाळेत धाडलं आणि त्याच्याकडून नियमित रिपोर्ट लिहून घेतले. तोच पिंशो १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. शेंकही त्यांच्याच शिफारशीने १८९५ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांनी बिल्टमोरची वनशाळा काढली. पेगूच्या हत्तीवर पाडलेल्या खाचा अशा अमेरिकेपर्यंत पोचल्या.

याच काळात त्यांनी आणखी एक काम केलं, जे आजच्या वर्षावन संशोधनाशी थेट जोडलेलं आहे. १८९५ मध्ये त्यांनी डिप्टेरोकार्प या वृक्षकुळाची शास्त्रीय यादी प्रसिद्ध केली. आपला साल वृक्ष याच कुळातला. आग्नेय आशियाच्या, विशेषतः बोर्निओच्या वर्षावनांतले आकाशाला भिडलेले वृक्ष बहुतांशी याच कुळातले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात करवतीखाली सर्वांत जास्त गेले तेही हेच.

चार काड्यांपासून लेसरपर्यंत

बोर्निओतल्या सबा राज्यात १९८० च्या दशकात मोठी तोड झाली. त्या जंगलाचा काही भाग तसाच सोडला गेला, काही भागात डिप्टेरोकार्पची रोपं लावून आणि माजलेल्या वेली कापून मदत केली गेली. शास्त्रज्ञांनी विमानातून लेसरने आणि जमिनीवर टेपने हे जंगल मोजलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की नुसत्या सोडून दिलेल्या जंगलात हेक्टरी दरवर्षी २.९ टन कार्बन साठत होता, मदत केलेल्या जंगलात ४.४ टन. म्हणजे जवळपास दीडपट!

मदत का लागते? डिप्टेरोकार्पची झाडं दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने, बरेचदा एल निनोच्या कोरड्या काळात, सगळी एकदम फळतात, आणि त्यांचं बी साठवून ठेवता येत नाही. त्या वर्षी जंगलात मोठी बीजवृक्षं उरलेली नसतील तर पुढची पिढी येणारच नाही. इथेही प्रश्न किती तोडली हा नाही, किती उरली हा आहे.

अमेरिका खंडातल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या, शेती-कुरणं सोडून दिलेल्या जमिनींवर उगवलेल्या जंगलांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात दिसलं की माती दहा वर्षांच्या आत सावरते, जंगलाची रचना आणि जातींची संख्या २५ ते ६० वर्षांत, पण एकूण वजन आणि मूळच्या जातींचं मिश्रण परत यायला १२० वर्षांहून जास्त लागतात. म्हणजे हिरवं दिसलं की जंगल परत आलं, असं नाही.

आता यात हवामान बदलाची भर. ब्रँडिस यांच्या भागाकारात एक गृहीतक लपलेलं होतं. झाड गेल्या पंचवीस वर्षांत ज्या वेगाने वाढलं, त्याच वेगाने पुढेही वाढेल. पण साग पावसावर वाढतो. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागाच्या वर्तुळांवरून ५२३ वर्षांचा आलेख तयार केला आहे, त्यात दुष्काळाच्या वर्षांची वर्तुळं अरुंद दिसतात. पाऊस लहरी झाला, उष्मा वाढला, तर चोवीस वर्षांची चढण तीस किंवा चाळीस वर्षांची होऊ शकते. अ‍ॅमेझॉनमध्ये कायमस्वरूपी आखलेल्या तुकड्यांतली झाडं वर्षानुवर्षं मोजली गेली, तेव्हा १९९० च्या दशकापासून तिथल्या जंगलाची कार्बन शोषण्याची ताकद कमी होत गेल्याचं आढळलं. भाजक बदलला तर उत्तर बदलणारच. म्हणून एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

आणि मोजलेलं पाळावंही लागतं. ब्रह्मदेशात ब्रँडिस यांचा हिशेब स्वातंत्र्यानंतरही कागदावर होता. पण नंतरच्या दशकांत ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त तोड होत गेली, रस्ते आले, चोरटी तोड वाढली. शेवटी २०१६ मध्ये म्यानमार सरकारने देशभरातली तोड एका वर्षासाठी आणि बागो योमातली दहा वर्षांसाठी बंद केली. ब्रँडिस यांनी जिथे पहिली खाच पाडली, तेच हे डोंगर!

शेवटची खाच

वयाची ऐंशी ओलांडली तरी ब्रँडिस भिंग घेऊन वाळलेले नमुने तपासत होते. भारतातल्या वृक्ष-झुडपांच्या ४,४०० जातींची नोंद असलेला 'इंडियन ट्रीज' हा त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २८ मे १९०७ रोजी बॉनला त्यांचं निधन झालं. कूर्गमध्ये घराघरांमागे वाढणाऱ्या एका धिप्पाड बांबूच्या शास्त्रीय नावात 'ब्रँडिसी' हा शब्द आजही आहे.

मित्रांनो, जाता जाता एक सुचवावंसं वाटतं. येत्या रविवारी चार काड्या (किंवा मोबाईल) आणि एक टेप घेऊन आपल्या कॅम्पसला एक फेरी मारा. मेसपासून वर्कशॉपपर्यंत, हॉस्टेलच्या मागून गेटपर्यंत. छातीच्या उंचीवर प्रत्येक झाडाचा घेर घ्या आणि चार वर्गांत खाचा पाडा. पहिल्या काडीवर खाचा भरपूर आणि तिसरी-चौथी काडी कोरी निघाली, तर समजा की आपला कॅम्पस हिरवा दिसतोय खरा, पण तो झाडांचा वृद्धाश्रम आहे. मग येत्या पावसाळ्यात काय करायचं, ते वेगळं सांगायला नको.